मुख्याध्यापक नेमायचा आहे? चला, फाईल उघडा

मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले आहेत, अध्यक्षांच्या मनात एक नाव पक्कं झालंय, आणि संस्थेचे सचिव म्हणून कागद तुम्हाला करायचे आहेत. घाबरू नका. काम किचकट दिसतं, पण एकेक पायरी धरून गेलात तर अवघड काहीच नाही. एकच गोष्ट आधी ठरवून टाका: आधी पडताळणी, मग ठराव, मग आदेश, मग मान्यता. आधी आदेश देऊन मग कागद गोळा करत बसणाऱ्यांचीच पुढे चौकशी लागते.

ही कृती मालेगावातल्या खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेसाठी आहे. शाळा कॅम्पातली मराठी असो की किदवाई रोडकडची उर्दू, पायऱ्या त्याच. अकरावी-बारावी जोडलेली असेल, तर पात्रता वेगळी पाहावी लागते आणि काम नाशिकच्या शिक्षण उपसंचालकांकडे जातं. महापालिकेच्या शाळांचा रस्ता वेगळा आहे, तो इथे नाही.

साहित्य: एक जाड बॉक्स फाईल, संस्थेचं ठराव बुक, आवक-जावक नोंदवही, शेवटची संचमान्यता, सर्व शिक्षकांच्या सेवापुस्तिका, १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली (पुस्तकाच्या दुकानात एकत्र मिळते), रजिस्टर पोस्टाची पाकिटं आणि किमान तीन महिन्यांचा वेळ. पाकिटांत काटकसर करू नका.

कृती

१. जाणाऱ्या मुख्याध्यापकांची जन्मतारीख सेवापुस्तिकेतून स्वतः वाचा. ५८ वर्षं ज्या महिन्यात पुरी होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. सावध: जन्मतारीख महिन्याची १ असेल तर निवृत्ती आदल्या महिनाअखेरीला होते. १ जूनवाले ३१ मेला घरी जातात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून लावलेले कितीतरी गुरुजी आहेत, तेव्हा हे आधी बघा.

२. संचमान्यतेत मुख्याध्यापकाचं पद मंजूर आहे का ते पाहा. पट घसरला की पद जाऊ शकतं. आधारशी न जुळलेले विद्यार्थी मोजणीत धरले जात नाहीत, म्हणून ती जुळणी आत्ताच पुरी करून घ्या. पदच नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

३. धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट-१ चा ताजा उतारा मागवा. नेमणूक करण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यावरून कळतं. विश्वस्त बदलले असतील आणि फेरफार अर्ज तसाच पडून असेल, तर समोरचा गट तुमच्या ठरावाला दुसऱ्याच दिवशी आव्हान देईल. संस्थेत दोन गट असतील तर ही पायरी दोनदा वाचा.

४. शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का ते प्रमाणपत्रावरून ठरवा. दर्जा असेल तर १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ३(२) प्रमाणे मुख्याध्यापक तुम्ही निवडू शकता, ज्येष्ठतेची सक्ती नाही. नाव मात्र संचालक किंवा उपसंचालकांना कळवावं लागतं. तुम्ही ५ ते ७ या पायऱ्या फक्त माहितीसाठी करा आणि ८ मधल्या पात्रतेच्या पट्टीपासून पुन्हा आमच्यासोबत या. सावध: ‘आमची शाळा अल्पसंख्याक आहे’ असं सगळ्यांना वाटतं म्हणून भागत नाही, प्रमाणपत्र हातात हवं. आणि निवडीची मोकळीक म्हणजे पात्रतेची सूट नव्हे. पगार अनुदानातून हवा असेल तर पदवी आणि अनुभव लागणारच.

५. ज्येष्ठता यादी अनुसूची ‘फ’ प्रमाणे तयार करा. इथे थोडं थांबू. बहुतेक भांडणं इथेच जन्मतात. आपल्याला वाटतं, जो आधी नोकरीला लागला तो ज्येष्ठ. माध्यमिकला तसं नाही. अनुसूची ‘फ’ मध्ये प्रवर्ग आहेत आणि शिक्षक त्या प्रवर्गात कधी आला यावर त्याची जागा ठरते. पदवीधर होऊन बी.एड. झालेला शिक्षक ‘क’ प्रवर्गात येतो. समजा एकजण आधी डी.एड.वर लागला आणि बी.एड. नंतर केलं, दुसरा नोकरीला उशिरा लागला, पण बी.एड. होऊनच. मग दुसरा पहिल्याच्या वर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे चार तारखा लिहा: नेमणूक, पदवी, बी.एड.चा निकाल आणि ‘क’ प्रवर्गात प्रवेश. संस्थेच्या एकाहून जास्त शाळा असतील तर सगळ्या शाळांची मिळून एकच यादी होते, रात्रशाळा सोडून. सावध: सटाणा किंवा नांदगाव तालुक्यात संस्थेची दुसरी शाळा आहे आणि तिथल्या बाई सर्वांत ज्येष्ठ आहेत, हे ठराव झाल्यावर आठवून उपयोग नाही.

६. यादी प्रत्येक शिक्षकाला दाखवून तिच्यावर सही आणि तारीख घ्या. स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवली म्हणजे झालं, असं नाही. कोणी सही करत नसेल तर घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

७. आलेल्या हरकतींवर लेखी निर्णय द्या. मिटत नसेल तर वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक) पाठवा. ‘बघू, बोलू’ म्हणून ठेवलेली हरकत शेवटी नाशिकच्या शाळा न्यायाधिकरणात भेटते. डावललेल्या शिक्षकाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत तिथे अपील करता येतं, आणि लोक करतात.

८. यादीत वरून खाली जात पहिलं पात्र नाव शोधा. पट्टी अशी: पदवी, बी.एड., पदवीनंतर किमान ५ वर्षं पूर्णवेळ अध्यापन आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. झाल्यानंतरची. शिवाय सेवेची नोंद समाधानकारक हवी. सावध: तासिका तत्त्वावरची किंवा अर्धवेळ वर्षं पूर्णवेळ म्हणून मोजू नका. अध्यक्षांचं नाव आणि यादीतलं नाव वेगळं निघालं, तर ते त्यांना आजच, शांतपणे सांगा. मे महिन्यात सांगणं जास्त महाग पडतं.

९. ज्येष्ठ शिक्षक पद नको म्हणत असेल तर नकार त्याच्या हाताने लिहून घ्या. टाईप केलेल्या कागदावरची सही नको. तो नकार स्वेच्छेचा आहे, याची खात्री शिक्षणाधिकाऱ्यांसमोर करून घ्या. आणि या वेळचा नकार म्हणजे कायमचा नकार नाही. पुढच्या वेळी पद रिकामं झालं की त्यांचा हक्क तसाच उभा असतो. चहा पाजून घेतलेले नकार कोर्टात टिकत नाहीत, हे पाजणाऱ्यांनाही माहीत असतं.

१०. निवडलेल्या शिक्षकाकडून पडताळणीचं संमतीपत्र घ्या. विद्यापीठ, आधीची शाळा आणि पोलीस यांच्याकडून माहिती मागवायला माझी हरकत नाही, एवढ्या दोन ओळी पुरतात. संकोच वाटतोय? ‘सर, सगळ्यांचंच करतो’ म्हणा, आणि खरंच सगळ्यांचं करा.

११. मूळ कागद समोर ठेवून झेरॉक्सशी ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, आसन क्रमांक, वर्ग आणि साल. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र मागा. राखीव जागेवर सेवेत आले असतील तर जात वैधता प्रमाणपत्रही याच बैठकीत पाहा. फक्त जातीचा दाखला पुरत नाही.

१२. पदवीची पडताळणी थेट विद्यापीठाकडून मागवा. आपल्या जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण धुळ्याला शिकलेले बरेच जण जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे असतात आणि बी.एड. अनेकांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलेलं असतं. प्रत्येक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला वेगळं पत्र लिहा, फी भरा, आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर येऊ द्या. सावध, आणि या पायरीवर अगदीच सावध: उमेदवार म्हणेल, ‘मी उद्या पुण्याला चाललोच आहे, पत्र घेऊन येतो.’ नको म्हणा. उमेदवाराच्या हाताने आलेली पडताळणी ही पडताळणीच नव्हे. परराज्यातलं विद्यापीठ असेल तर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हेही बघून घ्या.

१३. बी.एड. कॉलेजला त्या वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता होती का ते तपासा. ‘त्या वर्षी’ हा शब्द सोडू नका. आज मान्यता आहे म्हणून तेव्हाही होतीच असं नाही.

१४. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का ते शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. पाचवी ते आठवीचे वर्ग शाळेत असतात, त्यामुळे प्रश्न येतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्या शिक्षकांची नोकरी टीईटीविना राहते, पण पदोन्नती मिळत नाही. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा त्याच निकालाने मोठ्या पीठाकडे सोपवला. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

१५. टीईटी प्रमाणपत्र असेल तर ते पुण्याच्या परीक्षा परिषदेकडून खरं करून घ्या. २०१९-२० च्या परीक्षेतले ७,८००हून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांनाच पुणे पोलिसांनी अटक केली होती. त्या सालचं प्रमाणपत्र असेल, तर परिषदेने रद्द केलेल्या उमेदवारांची यादी उघडून नाव शोधा.

१६. उमेदवाराच्या पहिल्या वैयक्तिक मान्यतेचा आदेश कार्यालयाच्या जावक नोंदवहीशी जुळवून घ्या. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा, इथे नको. आदेशावर जावक क्रमांक आणि तारीख असते. शिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र लिहा: या क्रमांकाने, या तारखेला, या नावाचा आदेश तुमच्याकडून गेला आहे का? उत्तर महिनाभरात आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि ३० दिवस मोजा.

एवढी खटपट कशाला? एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागाचे तत्कालीन शिक्षण उपसंचालक उल्हास नरड यांना अटक झाली. आरोप असा होता, की बनावट कागदांवर एका अपात्र माणसाला भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत थेट मुख्याध्यापक म्हणून मान्यता मिळाली. त्याच धाग्यावरून बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण राज्यभर उलगडत गेलं. म्हणजे वरच्या कार्यालयाचा शिक्का आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. तो शिक्का खरा आहे का, हे विचारणं आता तुमच्याकडे आलंय.

१७. मान्यतेच्या तारखेच्या आसपासचं शाळेचं हजेरीपत्रक उघडा. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि मागच्या तारखेने नेमणूक दाखवायची युक्ती तेव्हापासून फोफावली. नेमणूक २०११ ची असेल तर २०११ च्या हजेरीपत्रकात सही हवी, त्या वर्षीच्या वेळापत्रकात तास हवेत आणि पुढच्या वर्षांच्या यू-डायस माहितीत नाव हवं. सावध: मस्टरच्या शेवटच्या ओळीत, वेगळ्या शाईत, सगळ्या महिन्यांच्या सह्या एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या, तर फाईल बंद करा आणि वकिलाला फोन करा.

१८. आधीच्या शाळेत स्वतः जाऊन दाखला ताडून पाहा. बदलून आलेल्या किंवा बाहेरून येणाऱ्या उमेदवारासाठी ही पायरी आहे. उर्दू शाळेत जायचं असेल तर शुक्रवार टाळा, दार बंद सापडेल. मुख्याध्यापकांशी बोलून झालं की क्लार्कशीही दोन शब्द बोला. ‘ते इथून का गेले?’ हा प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं.

१९. मागच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल सलग वाचा. एखादं वर्ष गायब असेल तर का, ते विचारा. चालू असलेली विभागीय चौकशी, निलंबन, कमी केलेली वेतनवाढ, सगळं सेवापुस्तिकेत नोंदलेलं असायला हवं. चौकशी नाही असा लेखी दाखला घ्या.

२०. पोलीस चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज करायला लावा. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळेतल्या कर्मचाऱ्यांची ही पडताळणी ठळक केली. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर होतो. सावध: शिपाई आणि व्हॅनवाल्याची पडताळणी करायची आणि मुख्याध्यापकांची ‘ते तर आपलेच’ म्हणून सोडायची, असं होऊ देऊ नका.

२१. एका पानाचा तपासणी तक्ता भरा. डावीकडे कागद, मधे तो खरा असल्याचं कोणी, कधी कळवलं, उजवीकडे तपासणाऱ्याची सही. एकही चौकोन रिकामा असेल तर पुढे जाऊ नका. वरण शिजलं नसेल तर फोडणी देऊन उपयोग नाही, तसंच हे.

२२. सभेची सूचना विषय स्पष्ट लिहून, घटनेतल्या मुदतीत पाठवा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात मुख्याध्यापक नेमू नका. पोच घ्या, व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या टिका म्हणजे पोच नव्हे.

२३. उमेदवाराचे नातेवाईक असलेल्या सदस्यांना त्या विषयापुरतं बाहेर बसवा. आणि ते बाहेर गेल्याचं इतिवृत्तात लिहा. मालेगावात सगळे सगळ्यांचे काही ना काही लागतात, मान्य. तरी मेहुणा आणि भाचा लपत नाही.

२४. ठराव लिहून, त्याच सभेत वाचून, सह्या घ्या. ठरावात ज्येष्ठता क्रमांक, पात्रता आणि तपासणी तक्त्याची तारीख येऊ द्या. ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी खरंच सर्व होते का, ते मोजा.

२५. नेमणूक आदेश अनुसूची ‘ड’ च्या नमुन्यातच द्या. लेटरहेडवर अभिनंदनाचं पत्र हवं तर वेगळं द्या. आदेश मिळाल्याची सही त्याच दिवशी घ्या.

२६. मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद नाशिक यांच्याकडे पानांना क्रमांक घालून सादर करा. मालेगावहून नाशिक शंभर किलोमीटर. एका झेरॉक्ससाठी दुसरी फेरी नको, म्हणून सगळ्याचे दोन संच न्या. एक दाखल करा, दुसऱ्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. सावध: शिक्का न मारता ‘टेबलावर ठेवून जा’ म्हणाले, तर ठेवू नका.

२७. कोणी पैसे मागितले तर १०६४ वर फोन करा. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक. जून २०२३ मध्ये नाशिक महापालिकेच्या तत्कालीन शिक्षणाधिकारी ५० हजारांच्या लाचेच्या आरोपात सापळ्यात अडकल्या, आणि विषय होता एका मुख्याध्यापकाला पुन्हा कामावर घेण्याच्या पत्राचा. तुमचे कागद पक्के असतील तर पैसे द्यायचं कारणच उरत नाही. मधला माणूस ‘साहेबांसाठी नाही, फाईल हलवायला’ म्हणाला तरी तो तेच मागतोय.

२८. मान्यता येईपर्यंत सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार देऊन त्यांच्या सहीचा अधिकार मंजूर करून घ्या. सही नसली की शालार्थचं पगारबिल अडतं आणि सगळ्या स्टाफचा राग तुमच्यावर येतो. प्रभारी कारभार वर्षानुवर्षं मात्र चालवू नका.

२९. मान्यता आदेश आला की त्याचाही जावक क्रमांक कार्यालयातून खरा करून घ्या. हो, आपल्याच आदेशाचा. पायरी १६ इथेही लागू आहे.

३०. कार्यभार यादी करून द्या. जनरल रजिस्टर, कॅशबुक, जडवस्तू नोंदवही, सेवापुस्तिका, पोषण आहाराचा साठा (तांदूळ मोजून, नुसता वहीत पाहून नाही), चेकबुक, किल्ल्या. दोघांच्या सह्या, तुमची तिसरी.

३१. शालार्थ, यू-डायस आणि बँकेचे पासवर्ड त्याच दुपारी बदला. जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर ओटीपी जात राहिले, तर नव्यांना महिनाभर त्यांच्याच घरी चकरा माराव्या लागतील. नंबर बदलून झाला की दहावीच्या कामासाठी नाशिक विभागीय मंडळाला नमुना स्वाक्षरी पाठवा आणि तिची पोच बॉक्स फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.